सातवा दिवा

"बाई, दोन किलो वाढलात," वजनकाट्यावरचा आकडा बघत पैलवान म्हणाला.

"बूट घातलेत मी."

"बूट गेल्या गुरुवारीही होते."

कॅप्टनबाई काट्यावरून उतरल्या आणि पैलवानाने खरा आकडा लिहिला. विमानात चढणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन व्हायचं, आणि त्या हिशेबात वैमानिक हीसुद्धा एक वस्तूच. सामान चढवणाऱ्या या माणसाच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं, म्हणूनच सगळे त्याला पैलवान म्हणायचे. तो खोकी तोलायचा, पट्टे आवळायचा आणि रोज बाईंची टिंगल करायचा. त्याशिवाय उड्डाण सुरू झाल्यासारखं त्याला वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही.

बाईंचं वय अठ्ठेचाळीस. आधी त्या माणसं नेत होत्या. ती कंपनी बुडाली, तेव्हा त्या इकडे आल्या, आणि गेली सहा वर्षं रात्रीच्या रात्री रक्ताच्या पिशव्या, तपासणीचे नमुने आणि घाईची औषधं घेऊन एकट्या उडत होत्या. दिवसा खिडकीला काळं कापड लावून झोपायच्या. लग्नाचं जमलं नाही, आणि जमलं नाही याचं दुःख करणंही फारसं जमलं नाही. घरी आई होती. ती शेजारणींना सांगायची, "आमची मुलगी विमानातून पार्सलं टाकते," जणू काही बाई खिडकी उघडून एकेक खोकं खाली सोडत असाव्यात. रोज सकाळी दार उघडताना आई विचारायची, "आज प्रवासी किती?" बाई म्हणायच्या, "एकही नाही," आणि दोघी चहाला बसायच्या.

या कंपनीत एक नियम होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. खोकं कुणासाठी आहे, हे वैमानिकाला कळता कामा नये. वजन किती, तापमान किती ठेवायचं आणि कधीच्या आत पोचायला हवं, एवढंच खोक्यावर दिसायचं. पेशंटच्या नावावर जाड पांढरी पट्टी. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी एका वैमानिकाला कुणीतरी सांगितलं होतं, की औषध दोन दिवसांच्या बाळासाठी आहे. हवा वाईट होती. एरवी तो शहाणा माणूस परत फिरला असता, त्या रात्री फिरला नाही. बाळाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानाने औषध गेलं आणि ते वाचलं. वैमानिकाचा हार घातलेला फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला. पांढरी पट्टी तेव्हापासूनची.

त्या गुरुवारी मात्र रक्तपेढीकडून नेहमीच्या बाई आल्या नव्हत्या. त्यांच्या जागी नवीन होत्या, बोलक्या, आणि नियमाचं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

"प्लेटलेट आहेत, फ्रिजमध्ये नका ठेवू," पैलवानाच्या हातात खोकं देत त्या म्हणाल्या. "आणि तिकडच्या विमानतळावर ते काका असतात ना, त्यांना सांगा, आज काकूंसाठी दोन पिशव्या दिल्यात. संध्याकाळपासून रक्त थांबत नाहीये म्हणे. पहाटे पाचच्या आत चढवायलाच हव्यात."

पैलवान खोकं घेऊन तसाच उभा राहिला. कॅप्टनबाई चार पावलांवर होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते तिकडचं विमानतळ म्हणजे डोंगरापलीकडची एक धावपट्टी, एक खोली आणि एक काका. संध्याकाळी दिवे लावणं, पट्टीवरची कुत्री हाकलणं, रेडिओवर बोलणं आणि खोकी उतरवून हॉस्पिटलच्या ड्रायव्हरच्या ताब्यात देणं, हे सगळं काकाच करायचे. बाई उतरल्या की ते थर्मास पुढे करायचे. चहा काकूंच्या हातचा, पाकासारखा गोड. "काकू चहात साखर घालत नाहीत, साखरेत चहा घालतात," असं बाई दर वेळी म्हणायच्या आणि दर वेळी दोन कप प्यायच्या. तीन महिन्यांपूर्वी थर्मास यायचा बंद झाला. बाईंनी विचारलं, तर काका म्हणाले, "तिला जरा बरं नाही." "मग तुम्ही करून आणा, हात झिजतात की काय," असं म्हणून बाई हसल्या होत्या आणि उडून गेल्या होत्या.

ते हसणं आता त्यांना आठवलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. अकरा गुरुवार रक्तपेढीचं एक खोकं तिकडे जात होतं, म्हणजे अकरा गुरुवार तो माणूस आपल्याच बायकोचं खोकं त्यांच्या हातून घेत होता, सही करत होता, वेळ लिहीत होता, आणि नियम म्हणून एक अक्षर बोलला नव्हता.

त्या सरळ ऑफिसात गेल्या. उड्डाणांची जुळणी बघणाऱ्या गृहस्थांना सगळे हेडमास्तर म्हणत. तोंडात कायम नियम आणि कानाला कायम पेन.

"मला कळलंय, खोकं कुणाचं आहे ते," बाई म्हणाल्या.

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "नियमाने दुसऱ्याने उडायला हवं. दुसरा तासाभरापूर्वीच दुसऱ्या दिशेला गेलाय."

"म्हणूनच सांगतेय."

"मग इथेच लिहून द्या. किती दिव्यांना उतरणार?"

"नियमात सात आहे."

"नियमात काय आहे ते मला विचारू नका. तुम्ही काय करणार ते लिहा. आत्ता, जमिनीवर पाय आहेत तोवर."

आता हे दिव्यांचं प्रकरण सांगायला हवं. तिकडे धुकं मोजायचं यंत्र नव्हतं. मागवून चार वर्षं झाली होती, येतंय येतंय म्हणत होते. तोवर काकांचे डोळे होते. धावपट्टीच्या कडेने बारा दिवे. जमिनीवर एक पांढरा चौकोन रंगवलेला. काकांनी त्या चौकोनात उभं राहायचं आणि धुक्यातून किती दिवे दिसतात ते मोजून रेडिओवर सांगायचं. सात किंवा जास्त असले तर उतरायचं. कमी असले तर नाही. विमान, पेट्रोल, हवामान खातं, सगळं एका बाजूला आणि काकांचा आकडा एका बाजूला.

बाईंनी लिहिलं, 'सातपेक्षा कमी, तर उतरणार नाही,' आणि खाली सही केली. एक प्रत हेडमास्तरांनी ठेवली, दुसरी बाईंनी उडताना मांडीवर बांधायच्या पाटीला अडकवली.

बारा वाजता त्या उडाल्या. डोंगर ओलांडेपर्यंत आभाळ स्वच्छ होतं. मागे पट्ट्यांनी आवळलेलं खोकं होतं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच बाईंना पाठीमागे कुणीतरी बसलंय असं वाटत होतं. काकूंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या उंच की ठेंगण्या, हेही माहीत नव्हतं. हात सढळ आहे, एवढंच ठाऊक होतं.

वीस मिनिटं उरली तेव्हा त्यांनी रेडिओ लावला. "काका, किती?"

"आठ दिसतायत." आवाज नेहमीचाच. थकलेला, पण नेहमीचाच. "नदीकडून चढतंय मात्र."

दहा मिनिटं उरली तेव्हा काका म्हणाले, "सात. सातवा जातो-येतो."

बाई खाली यायला लागल्या. खाली दिवे नव्हतेच, कापूस पिंजून पसरल्यासारखं पांढरं होतं नुसतं. पाच मिनिटं उरली.

"काका, किती?"

"सहा."

एक दिवा. मघाशी होता तो. मध्येच जातो-येतो म्हणाले होते, म्हणजे आत्ता पुन्हा येतही असेल. त्या चौकोनात काका एकटे, इथे वर त्या एकट्या. काका सात म्हणाले असते तर जगात कुणालाही कळलं नसतं. आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "काका, पुन्हा मोजा."

रेडिओवर नुसती खरखर. शब्द तोंडातून गेले आणि आपण काय केलं ते बाईंना उमगलं. ज्याची बायको तिकडे खाटेवर पडलीय, त्या माणसापुढे त्यांनी खोटं बोलायला दार उघडून धरलं होतं. त्याने फक्त आत पाऊल टाकायचं होतं. आणि त्याने सात म्हटलं असतं, तर त्या उतरल्याही असत्या, कागदावर सही असूनसुद्धा. हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं.

"मोजले, बाई," काका म्हणाले. "दोनदा मोजले. सहाच आहेत. तुम्ही वरच राहा."

बाईंनी विमानाचं नाक वर केलं. पांढरं खाली राहिलं, वर तारे आले. त्यांनी एक फेरी मारली. काका म्हणाले, "पाच." त्यानंतर फेरी मारण्यात अर्थ नव्हता.

"मी मोठ्या विमानतळाकडे जाते," त्या म्हणाल्या. मोठं विमानतळ तासाभरावर होतं, आणि तिथून काकांच्या गावाला गाडीने अडीच तास. "हॉस्पिटलच्या ड्रायव्हरला फोन करा. आत्ताच निघाला तरी..."

"तो पोचत आला असेल तिकडे. अकरा वाजता नदीवर धुकं दिसलं तेव्हाच पाठवला त्याला. इथे बसून जांभया देत होता नुसता."

बाईंना हसूही आलं आणि रडूही आलं. विमान उडायच्या आधीच या माणसाने धुक्याचा वास घेतला होता, गाडी पाठवली होती, आणि मग आपला चौकोनात उभा राहून खरेखुरे दिवे मोजत होता.

"काका," त्या म्हणाल्या. नियम दोघांच्या मध्ये उभा होता.

"जपून जा, बाई," काका म्हणाले.

दोनला दहा मिनिटं कमी असताना त्या मोठ्या विमानतळावर उतरल्या. ड्रायव्हर गाडी चालू ठेवूनच उभा होता. बाईंनी खोकं स्वतः उचलून सीटवर ठेवलं, पट्टा लावला. पाचपर्यंतचा वेळ त्यांनी मनातल्या मनात तीनदा मोजला. तीनही वेळा पुरत होता, पण वाटेत काही अडलं नाही तरच.

"काकांना फोन करून सांगतोस का, निघालो म्हणून?" त्यांनी विचारलं.

"नको म्हणालेत. म्हणाले, खोकं मिळालं की फोन करत बसू नको, गाडी हाण." आणि त्याने हाणली.

सकाळी आईने दार उघडलं. "आज प्रवासी किती?"

"एक होता," बाई म्हणाल्या. "अर्ध्या वाटेत सोडावा लागला."

आईने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. "मग? पोचला का पुढे?"

"विचारायचं नसतं, आई."

एरवी आईने दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी तिने मुलीच्या हातातली पिशवी घेतली, खिडकीवरचं काळं कापड स्वतःच ओढलं आणि बाहेर जाताना दार हळू लावलं. बाईंना झोप लागली नाही. पुढचा आठवडाभर त्या वेगळ्या दिशांना उडत राहिल्या. रोज ऑफिसात फोनकडे बघायच्या आणि रोज न विचारता घरी जायच्या. हेडमास्तरांनीही काही सांगितलं नाही. एकदा फक्त पेन कानावरून काढून म्हणाले, "तुमचा तो कागद फाइलला लावलाय. चांगला आहे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

पुन्हा गुरुवार आला. पैलवान खोकी तोलत होता. बाई यादी बघत होत्या. तिकडच्या विमानतळाचं सामान होतं: औषधांची तीन खोकी, तपासणीच्या रिकाम्या बाटल्या. रक्तपेढीचं काही नव्हतं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," पैलवान म्हणाला. आज त्याने वजनावरून टिंगल केली नाही, आणि ते बाईंना जास्त लागलं. अकरा आठवडे खोकं जात होतं, मागच्या आठवड्यात दोन पिशव्या गेल्या, आणि आज काहीच नाही. खोकं न जाण्याला दोनच कारणं असतात. त्यातलं एक चांगलं असतं.

डोंगर ओलांडेपर्यंत बाईंनी दोन्ही कारणं शंभर वेळा उलटीपालटी केली. रात्र काचेसारखी स्वच्छ होती. वीस मिनिटं उरली तेव्हा त्यांनी रेडिओ लावला. मग नेहमीसारखं विचारलं, "काका, किती?"

"बारा," काका म्हणाले. "बाराच्या बारा."

आवाजावरून काही कळेना. हा माणूस अकरा आठवडे आवाज सांभाळून होता, आज कुठून सापडणार होता.

त्या उतरल्या. इंजिन बंद झालं, पंखा थांबला. काका टॉर्च घेऊन आले, तीन खोकी उतरवून खोलीत ठेवली, एकेक तपासली, सही केली, वेळ लिहिली. दाढी केलेली होती. मागच्या महिन्यातही केलेली असायची. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि हातमोजे काढायचे की चढवायचे हेच त्यांना ठरवता येत नव्हतं.

काकांनी वही मिटली. मग वाकून खुर्चीखालून थर्मास काढला, कपात ओतलं आणि कप त्यांच्यापुढे धरला.

बाईंनी घोट घेतला. चहा नव्हताच तो, पाक होता. जीभ चिकटेल इतका गोड. त्यांनी तो घोट तोंडात धरून ठेवला आणि लगेच गिळला नाही.

"काका, साखर जास्त झालीय," शेवटी त्या म्हणाल्या.

काका एका खोक्यावरची सुटलेली पांढरी पट्टी अंगठ्याने दाबून बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगतो तिला," ते म्हणाले.

बाईंनी कप रिकामा केला, पुढे केला आणि आणखी अर्धा मागितला.