मुंबईतले सहा तास आणि मी, मास्तरांची पिशवी

मी एक पिशवी आहे, पण दुकानात टांगलेली नव्हे. गोव्यातल्या सुर्ल्याच्या खाणीवरून खनिज नेणाऱ्या एका ट्रकची मी ताडपत्री होते. फाटले तेव्हा डिचोलीच्या बाजारातल्या विठू शिंप्याने माझा धड राहिलेला तुकडा कापला, दुहेरी शिवण मारली, दोन बंद लावले. खाणीची लाल धूळ शिवणीत राहिली ती राहिलीच.

नार्व्याच्या कृष्णनाथ मास्तरांनी मला घेतलं ते मी भिजत नाही म्हणून. शाळेत, देवळात, पंचायतीत मी त्यांच्या खांद्यावर. चहाच्या दुकानातसुद्धा ते मला मांडीवर घेऊन बसत. त्यामुळे माणसांचं बोलणं मी फार जवळून ऐकलं. माझं मत विचाराल तर मोठी माणसं भांडायला क्षणाचा उशीर करत नाहीत, आणि मिटवायची वेळ आली की मुहूर्त शोधतात.

गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं त्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मास्तर मराठीवाले. त्यांची धाकटी बहीण कमलाक्षी लग्न होऊन मुंबईत पार्ल्याला गेलेली. तिने कोकणीच्या बाजूच्या पत्रकावर सही केली होती. गणपतीवर माटोळीची लाकडी चौकट बांधलेली, तिला काकड्या, नारळ, सुपाऱ्यांचे घोस लटकलेले, आणि त्याखाली भाऊबहीण भांडत होती. मास्तर मराठीची बाजू कोकणीत ओरडून मांडत होते, कारण त्या घरात रागवायची भाषा तीच. हसण्यासारखं होतं. कुणी हसलं नाही.

"या घरात मी परत येणार नाही," कमलाक्षी म्हणाली आणि आरतीआधीच निघाली.

पुढे राजभाषेचा कायदा झाला, गोवा राज्य झालं. सरकारने मार्ग काढला, या दोघांनी नाही. मग कमलाक्षीचा नवरा वारला. अशा वेळी भावाने जायचं, दुखवट्याचं लुगडं द्यायचं, ही रीत. मास्तर गेले नाहीत. "बसला गर्दी असेल," म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं तो विषय घरात निघाला नाही.

नव्वद साली मास्तरांच्या मुलीला, गौरवीला, दिल्लीहून पुढच्या शिक्षणासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलगी एकटी कशी जाईल म्हणून मास्तर सोबत निघाले. दाबोळीहून मुंबई, मुंबईहून दिल्ली. मोठी बॅग थेट दिल्लीला गेली. हातात मी: माझ्यात तिकिटं, मास्तरांची औषधं, गौरवीची प्रमाणपत्रं आणि तिच्या आईने, सुमंगलाने, बांधून दिलेल्या पोळ्या.

मुंबईला उतरलो तेव्हा दहा वाजले होते. पुढचं विमान चारला. मास्तरांनी भिंतीकडचा बाक धरला आणि मला पोटाशी.

"बाबा, सहा तास आहेत."

"बरं झालं. पुस्तक वाच."

"इथून पार्लं रिक्षाने वीस मिनिटं."

मास्तर घड्याळाकडे बघू लागले.

"आतेकडे जाऊन येऊ."

"विमान चुकलं म्हणजे?"

"तीनला परत येऊ. आत्ता दहा वाजलेत."

"सामान कोण बघणार?"

"कुठलं सामान? ही पिशवी?"

"पिशवीत तिकिटं आहेत. तू गप बस गो."

गौरवी गप बसली नाही. तिने मला त्यांच्या हातातून ओढलं, खांद्याला अडकवलं आणि दरवाजाकडे चालू लागली. मी खोटं सांगणार नाही, मला बरं वाटलं. मास्तर "अगो, अगो!" करत मागून धावले. त्यांना यावंच लागलं, त्यांची तिकिटं माझ्या पोटात होती.

रिक्षात त्यांनी खिशातले पैसे मोजले. मग हळूच म्हणाले, "मी रिकाम्या हातानं कसा जाऊ? दुखवटासुद्धा दिला नाही मी तिला."

म्हणजे अडचण सामानाची नव्हतीच.

"मग आत्ता घ्या," गौरवी म्हणाली आणि पार्ल्याच्या बाजारात रिक्षा थांबवली.

दुकानात मास्तरांनी पांढऱ्या साडीवर बोट ठेवलं. गौरवीने ती बाजूला सारली. "आते शाळेत शिकवते, बाबा. घरात कोंडून बसलेली नाही."

"लोक काय म्हणतील?"

"तुम्ही दोन वर्षं आला नाहीत, त्याला काय म्हणाले लोक?"

दुकानदार खाली मान घालून घड्या करत राहिला. गौरवीने निळी घेतली. मास्तरांनी ती स्वतः माझ्यात ठेवली, पोळ्यांच्या डब्याचं तेल लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून.

दार कमलाक्षीनेच उघडलं. केस पांढरे झालेले, हातात खडूची पूड. सकाळच्या शाळेतून नुकतीच आली असावी.

"आयलो?" ती म्हणाली.

"विमानाला वेळ होता," मास्तर म्हणाले.

"म्हणून आलास?"

गौरवीने डोळे मिटले. मास्तरांचा हात माझ्या बंदावर घट्ट झाला. मग सुटला.

"ना," ते म्हणाले. "तेन्ना येवंक धीर जालो ना." तेव्हा यायचा धीर झाला नाही, एवढंच.

त्यांनी साडी काढून पुढे केली. कमलाक्षीने कागद सोडला, पदर बोटांत धरून पाहिला.

"रंग कोणी निवडला?"

"मी," गौरवी म्हणाली.

"तरीच. याने पांढरी आणली असती." आणि ती बाजूला झाली. "यो भितर."

ती आत जाऊन रडली की नाही मला माहीत नाही. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होते. नंतर पोळ्या निघाल्या, तिने डाळ गरम केली, नवऱ्याच्या आजारपणाची हकिकत पहिल्यापासून सांगितली. मास्तरांनी मध्ये एकही शब्द घातला नाही. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अडीच वाजायला आले. गौरवी उठली. मास्तर उठले नाहीत.

"बाबा, विमान."

मास्तरांनी मला जवळ ओढलं, औषधं आणि आपलं तिकीट बाहेर काढलं आणि मला लेकीच्या खांद्यावर दिलं.

"तू जा गो. मी तेराव्याला आलो नव्हतो. चार दिवस राहतो. येताना मला घेऊन जा."

"एकटी जाऊ?"

"मघाशी माझ्याविना निघालीच होतीस."

गौरवी एकटी दिल्लीला गेली, मुलाखत दिली, प्रवेश मिळाला. तिथे मी तिच्याबरोबर अनेक वर्षं काढली. आता माझा एक बंद तुटलाय, ती दुसरा लावीन म्हणते आणि विसरते. मला घाई नाही.

एवढंच मागते: दोन विमानांमध्ये तुमचे कधी सहा तास मोकळे असतील आणि त्या शहरात तुमचं कुणी असेल, तर बाकावर बसू नका. मोठं माणूस बसलं असेल, तर त्याची पिशवी उचला आणि चालू लागा.