रिपेकाच्या फुप्फुसातली गाठ

वरच्या मजल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर रिपेकाची छाती उघडलेली होती. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत डॉक्टर मोरॅगने तिच्या गाठीचा गोठवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

रिपेका पराटा बेचाळीस वर्षांची, न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरामागच्या डोंगरांत मेंढ्यांची लोकर कातरणारी. दिवसाला अडीचशे मेंढ्या हातावेगळ्या करायची. आयुष्यात सिगरेटला शिवली नव्हती. गाठ फुप्फुसाच्या मुळाशीच होती. कॅन्सर निघाला तर अख्खं डावं फुप्फुस काढायचं ठरलं होतं.

आणि काप बघताक्षणी कॅन्सरच वाटत होता. शेजारी बसलेली तरुण डॉक्टर ऐल्सा म्हणाली, "यात बघायचंय काय? कळवून टाकू."

मोरॅगने काप हलवला नाही. वरच्या थराखाली गोल पेशी होत्या. थरातल्या आणि खालच्या, अशा दोन तऱ्हेच्या पेशी, पण दोन्ही शांत, एकही विभागत नव्हती. मधेच रक्ताने भरलेल्या पोकळ्या. असलं काहीतरी तिने पूर्वी एकदाच पाहिलं होतं, शिकत असताना, दुसऱ्या कुणाच्या तरी कापांच्या पेटीत.

फोन वाजला. सर्जन कॅलम होता.

"वीस मिनिटं झाली, मोरॅग. काढू का फुप्फुस?"

"गाठीच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा पाठव."

"बाई भुलीखाली पडलीय इथे."

"माहितीये. पाठव."

दुसऱ्या तुकड्यातही तेच. मोरॅगने कॅलमला फोन लावला. "फक्त गाठ काढ. फुप्फुस राहू दे," तिने सांगितलं.

"आणि कॅन्सर निघाला तर? परत छाती उघडायची?"

"तर तिला ते मी स्वतः जाऊन सांगेन. पण काढलेलं फुप्फुस परत बसवता येत नाही, कॅलम."

पलीकडून "ठीक," एवढंच ऐकू आलं.

खास रंगांच्या तपासण्यांना तीन दिवस लागले. मोरॅगला धड जेवण गेलं नाही; ऐल्साही समोर यायचं टाळत होती. चौथ्या दिवशी काप आले. फुप्फुसाच्या पेशी ओळखणारा रंग दोन्ही तऱ्हेच्या पेशींनी धरला होता, दुसरा मात्र फक्त वरच्या थराने. ही पूर्वी एकदाच पाहिलेल्या त्या दुर्मिळ, साध्या गाठीचीच खूण. कॅन्सर नव्हता.

ऐल्साने दोनदा बघितलं. "मी तर कळवून मोकळी झाले असते," ती हळूच म्हणाली.

दुपारी मोरॅग वॉर्डात गेली. रिपेकाने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "बघायला मिळेल का मला ती गाठ?"

मोरॅगने चाकाच्या खुर्चीवरून तिला खाली आणलं. रिपेका भिंगाला डोळा लावून बराच वेळ बसली.

"दिसायला छान आहे की मेली," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.