कसर लागलेला डोंगर

"मंग मोरचूद नको टाकू का?" कुंदाबाईंनी चुलीवरची खळ ढवळत विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निळा खडा परत डब्यात टाकला.

शेजारच्या लताबाई म्हणाल्या, "नही टाकं तर कसर लागी ना व."

"जैनसना घरनं काम शे. विषनी खळ तठे कशी चाली?"

कोणी सांगितलं नव्हतं. हा शहाणपणा त्यांचा स्वतःचाच. दुसऱ्याच्या देवाला जपायची फार हौस बाईला.

कुंदाबाई शिंप्याची विधवा. सगळं आयुष्य आमच्या गल्लीच्या गोधड्या शिवण्यात गेलं, आणि गोधडीकडे कोण बघतं? पांघरतात आणि झोपतात. हस्तीमल शेठच्या आई लाडकुंवरबाईंनी मात्र त्यांना पुठिया करायला सांगितला. चातुर्मासात साधूमहाराज बसतात, त्यांच्या पाटामागे टांगायचा तो पडदा. त्यावर तीर्थाचा डोंगर हवा होता.

तो डोंगर कुंदाबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. लेक बेबाबाई फैजपूरला दिलेली, तिच्याकडे जाताना सातपुडा दिसे, तोच त्यांनी केला. आणि केला तोही टाका न घालता. सुईची भोकं पडली की डोंगर गोधडीसारखा दिसतो, म्हणायच्या. खाली मांजरपाट, त्यावर जुन्या लुगड्यांचे निळे-काळे तुकडे, वर खळ लावून मलमल, मग पुन्हा मलमल, आणि ओलं असतानाच कोळशाची इस्त्री. जवळच्या डोंगराला मलमलीचा एक थर, लांबच्याला चार. कुठे वरचे थर कातरीनं उघडून खालचा रंग बाहेर काढलेला. कितीदा बिघडलं, फुगे आले, थर सुटले. पण शेवटी जमलं तेव्हा आम्ही सगळ्या दारात उभ्या राहून बघत होतो. पहाटे यावलच्या रस्त्यानं दिसतो तसाच डोंगर. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

आषाढात पुठिया उपाश्रयात लागला. श्रावणभर झड, उन्हाची तिरीप नाही. पर्युषणाच्या तोंडावर निरोप आला, पडद्याला कसर लागली, म्हणून उतरवला आहे.

कुंदाबाई अनवाणी धावल्या. मी मागोमाग. लाडकुंवरबाईंच्या घरात, अंधाऱ्या खोलीत पुठिया टांगला होता. डोंगराच्या माथ्यावर थरांच्या आत काहीतरी चालताना दिसत होतं.

"मांजी, माले द्या. दोन दिवस ऊन दाखाडसू, बठ्ठं नीट व्हई जाई."

म्हातारी वाईट नव्हती. तिचेही डोळे भरले होते. "जीव पडण्याआधी ऊन दिलं असतं तर चाललं असतं, बाई. आता पडले. आता ऊन म्हणजे हत्या. माझ्या हातून ते पाप व्हायचं नाही."

"हाई मन्हं काम शे, मांजी."

"मग घेऊन जा. पण उन्हात टाकणार नाही, असा शब्द दे."

नुसता शब्द मागितला होता. पण आपल्यावर विश्वास बसतो की नाही या धास्तीनं कुंदाबाई बोलून गेल्या, "मन्ही पोरना पोटनी आन शे. उन्हमा नही टाकस."

शपथ घ्यायला जगात गाय होती, गंगा होती. या बाईला लेकीचं पोट आठवलं. बेबाबाईचं पहिलं बाळ मेलेलं जन्मलं होतं, आणि आता पुन्हा दिवस भरत आले होते. वाटेत मी बोलले तर म्हणाल्या, "तोंडमाईन निंघी गयं." बस, एवढंच.

पुठिया त्यांच्या घरातल्या भिंतीवर लागला. आश्विनात असं ऊन पडलं की अंगणात पाय ठेववेना. गल्लीभरच्या गोधड्या कुंदाबाईंनी उन्हात टाकल्या, उलटल्या, झटकल्या. दाराच्या आत डोंगर पोखरला जात होता. आधी मलमल गेली, मग लांबच्या डोंगराचे थर एकेक करून लोंबायला लागले. त्या समोर जेवायला बसत आणि ताट तसंच सारत. जन्माला एक गोष्ट नुसती बघायसाठी केली, ती अशी बघावी लागली.

बेबाबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. लताबाई साखर वाटून आल्या त्या थेट पुठिया काढायलाच. "आते टाक बाहेर. पोर मोकळी व्हयनी, आन फिटनी."

"राहू दे," कुंदाबाई म्हणाल्या. "आते तर दोन जीव शेत."

दिवाळीपर्यंत खिळ्याला मांजरपाटाची चाळण उरली. रोज सकाळी भिंतीखाली पडलेला चुरा कुंदाबाई हलक्या हातानं सुपात लोटत. केरसुणी लावत नसत, त्यात किडे असत. मग ते सूप मागच्या निंबाखाली नेऊन ठेवत आणि तिथेच गोधडी शिवत बसत. ऊन सरकत आलं की हातातलं काम खाली ठेवून सूप सावलीत ओढून घेत.