धुगधुगी

मावशींनी पहिल्या बॅटरीचं बूच फिरवून काढलं आणि टॉर्च आत धरला. प्लेटांवर बोटभर पाणी होतं. त्यांनी पदराने टॉर्चची काच पुसली, पुन्हा आत पाहिलं. पाणी होतंच.

"गेल्या ना कामातून?" घरमालक उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "बाबा वारले तेव्हापासून घराला कुलूप आहे. वर्ष उलटून गेलं."

विजेची तार न पोचलेल्या घरांतल्या सौर बॅटऱ्यांची दुखणी काढता काढता त्यांचे केस पांढरे झाले होते. बंद घरातली बॅटरी कशी निघणार, हे त्यांना बूच न उघडताही सांगता यायचं. छपरावरचं पॅनेल बिचारं आपलं काम करत राहतं, पण पाणी घालायला कोणी नसतं. ते आटतं, प्लेटा उघड्या पडतात, त्यांच्यावर पांढरी बुरशी आल्यासारखा थर धरतो. मग पाणी घालून मंद चार्जिंगवर ठेवायचं आणि वाट बघायची. धुगधुगी आली तर आली. त्या तयारीनेच त्या आज आल्या होत्या. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरून आणला होता.

त्यांनी हायड्रोमीटरची काचनळी बुडवली, रबरी फुगा दाबून सोडला. आम्ल नळीत चढलं आणि आतली काडी टुणकन वर येऊन तरंगायला लागली. काडी इतकी वर, म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज झालेली होती. बाकीच्याही तशाच. टर्मिनलांना ग्रीस फासलेलं होतं. मावशींनी त्याला बोट लावलं. ताजं होतं, मऊ.

खाली जमिनीवर धुळीचा जाड थर साचला होता. त्यावर पावलं उमटली होती ती फक्त त्यांची स्वतःची.

"किल्ली आणखी कोणाकडे असते का हो?"

"कोणाकडे असणार? माझ्याकडेच." तो हसला, पण आत काही आला नाही. "चांगल्या निघाल्या तर आजच सोडवून द्या. कोंबड्यांच्या शेडवर बसवतो. इथे कोण बसलंय दिवे लावायला?"

मावशींनी मेन स्विच बंद केला आणि सवयीने मीटरचा चिमटा बॅटरीच्या वायरीला अडकवला. आकडा शून्यावर यायला हवा होता, तो आला नाही. वीज कुठेतरी जात होती. अगदी थोडी, पण जात होती. त्या खाली वाकल्या. एक बारीक वायर मेनला बगल देऊन थेट बॅटरीवरून निघाली होती आणि भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली होती.

"पलीकडे काय आहे?"

"काही नाही." मग म्हणाला, "ताईची खोली. बाबांनीच ओढून दिली होती ती वायर. तिचा दिवा कधी जायला नको म्हणून."

"ताई कुठे असतात?"

"ती गेली. बाबांच्या आधीच."

गेली म्हणजे कशी, कुठे, हे मावशींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याने पाठ फिरवली होती.

त्यांनी मधलं दार ढकललं. त्या खोलीची खिडकी फळ्या ठोकून बंद केलेली होती. बाहेर लख्ख ऊन असून आत जो काही उजेड होता तो एका दिव्याचा. फरशी आरशासारखी स्वच्छ होती. खुर्चीवर अर्धवट शिवलेलं पोलकं पडलं होतं. सुई कापडात खोचलेली, आणि तिच्यातून लोंबणारा दोरा हळूहळू झुलत होता. वारा तर नव्हताच.

"कोणी आहे का?"

मावशी परत फिरल्या. असतात एकेक घरं, असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी पाना उचलला, नट सैल केला आणि ती बारीक वायर बाजूला ओढली.

मधल्या दारातून येणारा उजेड विझला. आत कोणाचा तरी श्वास अडकला. आणि मग, अगदी हलक्या आवाजात, "बाबा?"

मावशींच्या मनाला काही कळायच्या आत त्यांच्या हातांनी वायर परत लावली. नट आवळला. पुन्हा एकदा आवळला.

"काय झालं?" घरमालकाने वळून न बघताच विचारलं. चौकटीवरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

"काही नाही. हात निसटला." मावशींनी एकेक बूच घट्ट बसवलं. "या बॅटऱ्या मेल्यात, भाऊ. सगळ्याच. यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. राहू द्या इथेच."

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. फारच पटकन म्हणाला.

पाण्याचा भरलेला कॅन मावशींनी बॅटऱ्यांशेजारी ठेवला आणि पिशवी उचलून बाहेर आल्या. त्याने तो कॅन पाहिला. विसरलात, असं काही म्हणाला नाही.

मावशींना सोडायला निघालेली त्याची गाडी उतारावर बरीच खाली आली, तेव्हा त्याने विचारलं.

"मावशी, असल्या मेलेल्या बॅटऱ्यांवर एक दिवा किती दिवस चालतो?"

"पाणी मिळत राहिलं, तर पुष्कळ चालतो."

त्याने मान डोलावली. वळण आलं तसा वेग कमी केला.

"लहानपणापासूनचंच आहे तिचं," तो म्हणाला. "अंधारात घाबरते."