पट अकराचा

"बाई, टेम्पो आलाय! सामान उतरतंय, आणि चक्क पोरं उतरतायत!" शिपाईमामा धापा टाकत वर्गात शिरले.

बाईंच्या हातातला खडू फळ्यावरच थबकला. गावच्या शाळेत त्या एकट्याच शिक्षिका, आणि पटावर मुलं सात. पट दहाच्या खाली राहिला, तर मुलांना डोंगरापलीकडच्या शाळेत घालून ही शाळा बंद करू, असं शिक्षण खात्याचे साहेब बजावून गेले होते. शहरात एकामागून एक इमारती उभ्या राहत होत्या. इथे तीन महिन्यांत मिळायचं ते तिथे एका महिन्यात मिळायचं. मग लोक थांबतील कशाला? घरंच्या घरं कुलूप लावून गेली होती.

आता तिकडे मंदी आली. बांधकामं बंद पडली आणि दोन कुटुंबं परतली.

"आपण तळमजल्यावरच राहिलो, म्हणून पडलो नाही," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परतलेल्यांतला एक वेल्डर आपल्या दोन मुलींना घेऊन दारात उभा राहिला. मान खाली. "थोडे दिवसच हं, बाई. काम निघालं की जाणार आम्ही."

"थोडे दिवस तर थोडे दिवस. आत तर या!"

बाईंना इतका आनंद झाला, की त्यांची त्यांनाच लाज वाटली. याचं काम सुटलं आणि आपण हरखतोय! दुपारी दुसऱ्या घरची जुळी भावंडंही आली. पट अकरा.

वेल्डरच्या थोरलीने वर्ग न्याहाळला. "आमच्या शाळेत लिफ्ट होती."

"आपल्याकडे एकच मजला आहे. चालेल?"

"चालेल. लिफ्टसाठी थांबायला नको, खेळायला वेळ जास्त मिळेल."

वेल्डरला गावात काम मिळे, पण शहरातल्या मजुरीच्या तिसऱ्या हिश्श्यावर, तेही कधीमधी. रिकाम्या दिवशी तो शाळेत येई. "बसून हात गंजतात, बाई," म्हणत त्याने मोडका सी-सॉ उभा केला, फाटकाला नवी बिजागरी बसवली.

वर्षभराने शहरातून त्याला फोन आला. गुरुवारी तो मुलींचे दाखले मागायला आला. सोमवारी साहेब पट तपासायला येणार होते.

मामांनी बाईंना बाजूला घेतलं. "शिक्का सापडत नाही म्हणा. चार दिवसांचा तर प्रश्न आहे!"

"आणि तिकडे पोरींचा प्रवेश हुकला म्हणजे?"

"नऊच उरतात हो बाई."

"मलाही मोजता येतं, मामा. शिक्का आणा."

बाईंनी दोन्ही दाखले वळणदार अक्षरात लिहिले. थोरलीच्या शेऱ्यात लिहिलं : हुशार आहे, प्रश्न फार विचारते. ते वाचून वेल्डर पहिल्यांदाच मोकळा हसला.

"बाई, तुम्हीपण चला ना," धाकटी म्हणाली.

"मग माझी नऊ पोरं कुठे ठेवू?"

सोमवारी साहेबांनी डोकी मोजली. मग पुन्हा मोजली. "एकानं हुकलं हो, बाई," ते खरोखरच हळहळून म्हणाले.

नव्या वर्षी मुलांबरोबर बाईंचीही पलीकडच्या शाळेत बदली झाली. पहिल्या सकाळी नऊ मुलं पुढे आणि बाई मागे, अशी वरात डोंगर चढू लागली. अर्ध्या वाटेवर बाई कमरेवर हात ठेवून थांबल्या.

जुळ्यांतली मुलगी मागे वळली. "बाई, ढकलू का?"

"ढकला!"

पाठीला दोन-चार तळवे टेकले. बाईंनी सतराचा पाढा सुरू केला. दर ओळीला त्यांचा दम तुटे, आणि उरलेली ओळ मुलं ओरडून पुरी करत.