मावशींचं भाषांतर

सरांनी दमट खडू स्पिरिटच्या दिव्यावर धरला आणि चिमटीत हळूहळू फिरवला. ओला खडू फळ्यावर नुसता घसरायचा, उमटायचा नाही. या देशात येऊन आठ महिने झाले होते आणि एवढी एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती, की इथे कोरडं असं काही राहत नाही. बरणीतलं मीठ पाणी धरतं, तराजूच्या पारड्यांना गंज चढतो, चार दिवस न घातलेल्या बुटांवर हिरवी बुरशी येते.

"काल तिसऱ्या टेबलावरचं ब्युरेट फुटलं," वर्गाकडे न वळताच ते म्हणाले. "काच आहे, फुटायचीच. पण फुटलेलं तसंच कपाटात ठेवून वर दार लावून घ्यायचं? उद्या कुणाचा हात कापला म्हणजे? जनाची नाही, निदान मनाची तरी बाळगा."

शेवटचं वाक्य त्यांच्या डोक्यात मराठीत आलं होतं. इंग्रजीत ते जरा लंगडंच बाहेर पडलं. मग नेहमीप्रमाणे ते थांबले, आणि दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या मावशी सगळं वर्गाला इथल्या भाषेत सांगू लागल्या.

ही व्यवस्था हेडमास्तरांची. नववीच्या पोरांना सरांचं इंग्रजी कळेना आणि सरांना पोरांची भाषा येईना. या बाई तीस वर्षं प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत आलेल्या. बाहेरून आलेले सहा-सात मास्तर त्यांच्या हाताखालून गेले होते, म्हणजे त्याच मास्तरांच्या हाताखाली होत्या, पण बघणाऱ्याला उलटंच वाटायचं. सरांच्या जुन्या शाळेत अशा बायांना मावशी म्हणत, म्हणून यांनाही ते तसंच म्हणू लागले. अर्थ विचारला तेव्हा 'आईची बहीण' म्हणून सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मग मी तुमच्यापेक्षा मोठी ठरले. लक्षात ठेवा."

सर अर्धा मिनिट बोलले, की मावशींना दीड मिनिट लागायचं. "इथली भाषा फार लांबण लावते," असं त्यांनी बायकोला फोनवर सांगितलंही होतं.

त्या दिवशी मात्र त्या पाल्हाळात एक शब्द त्यांच्या कानाला लागला. इथल्या भाषेतला 'मुलगी'. हा शब्द त्यांना येत होता, घरमालकीण दिवसातून वीसदा जिन्यातून तशी हाक मारायची. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, तोही ओळखीचा. मागच्याच आठवड्यात खोलीतली ट्यूब बंद पडली, तेव्हा वायरमनने स्टुलावरून खाली बघत तोच शब्द उच्चारला होता. गेली.

खडू तापून बोटांना चटका बसला तेव्हा सरांनी हात मागे घेतला. वळून पाहिलं तर तिसऱ्या टेबलावरची चौघं माना खाली घालून उभी होती, आणि बाकीचा वर्ग सरांकडे अशा नजरेने बघत होता, जशी आजाऱ्याच्या खोलीत शिरताना माणसं बघतात.

जुन्या शाळेत तुकड्या कमी झाल्या आणि सर अतिरिक्त ठरले. पन्नाशीला आलेल्या रसायनाच्या मास्तराला दुसरीकडे कोण घेणार? जाहिरात दिसली, अर्ज केला, बोलावणं आलं. बायको म्हणाली, जाऊन या. तिने अडवलं नाही याचं त्यांना बरंही वाटलं आणि लागलंही. त्या घरात तेव्हा दोघांना एकमेकांशी बोलायला फारसं उरलं नव्हतं. आता दर रविवारी ती फोन करायची. जेवण कसं करता, पाय सुजतात का, गच्चीची गळती काढून घेतली. मग ठरलेलं, "बाकी सगळं ठीक." त्या 'बाकी'त काय असतं हे दोघांनाही माहीत होतं. एकदाच तिने "परवा तिचा…" म्हणून सुरुवात केली होती. सर म्हणाले होते, आवाज नीट येत नाही.

पहिल्या महिन्यात मावशींनी सहज विचारलं होतं, मुलंबाळं किती? "एक मुलगी होती. गेली," सरांनी सांगितलं होतं आणि हजेरीत डोकं घातलं होतं. मावशींनी पुढे काही विचारलं नाही. तो त्यांचा समंजसपणा सरांना आवडला होता.

तास सुटल्यावर मावशी फुटलेल्या काचा रद्दी कागदात गुंडाळत होत्या.

"मावशी, आज वर्गाला काय सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"आणि शिवाय?"

त्यांनी पुडीला दोरा बांधला. "म्हणजे तुम्हाला कळायला लागलं."

"थोडं थोडं."

"सुरुवातीला पोरं तुमची नक्कल करायची. दोघं-तिघं तर हेडमास्तरांकडे निघाली होती तक्रार घेऊन. तुमचं बोलणं लागतं हो फार. मी एवढंच सांगितलं, याची मुलगी गेलीय, एकटा आलाय, सांभाळून घ्या. पोरं वाईट नाहीत. ऐकलं त्यांनी."

"दर वेळी सांगता?"

"तुम्ही चिडलात की सांगते. नाहीतर विसरतात. लहान आहेत."

तेव्हाच बोलायला हवं होतं. सर "बरं" म्हणाले, छत्री उचलली आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांना सगळंच दिसू लागलं. त्यांच्या तासाआधी फळा कुणीतरी कोरड्या फडक्याने दोनदा पुसलेला असायचा. पंख्याखालची खुर्ची त्यांच्यासाठी सरकवलेली असायची. शनिवारी तीन मुली मागे थांबून नळ्या धुवायच्या. आठ महिने ते समजत होते, की आपला वचक आहे. बायकोलाही तसं ऐकवलं होतं: पोरं काही का असेनात, मला वचकून असतात. आता खुर्चीत बसताना त्यांना आपण कुणाच्या तरी जागेवर बसतोय असं वाटू लागलं. तरी ते बसत होते. उकाडा फार होता, पंखा एकच होता, आणि इतकं सांभाळून बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी घेतलं नव्हतं.

असे दोन आठवडे गेले. मग एका शनिवारी नळ्या धुता धुता त्यांतली उंच मुलगी मावशींना हळूच म्हणाली, "कशाने गेली? आजारी होती का?"

सर शेजारच्या खोलीत वह्या तपासत होते. मधलं दार उघडंच होतं.

"असं विचारू नये," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फोनवर बायकोने "बाकी सगळं ठीक" म्हटल्यावर सरांनी फोन ठेवला नाही. तीही थांबली. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "इथे पाऊस आहे." ती म्हणाली, "असू दे. छत्री न्या."

सोमवारी शाळा भरायच्या आधीच ते प्रयोगशाळेत आले. मावशी ओट्यावर तुरटीच्या पाण्याची बादली ठेवून उभ्या होत्या.

"मावशी, माझी मुलगी जिवंत आहे."

मावशींनी हातातलं फडकं बादलीत सोडलं आणि स्टुलावर टेकल्या.

"तुम्ही म्हणालात, गेली."

"घरातून गेली. सासर सोडून आली होती, एक बॅग घेऊन. मी म्हटलं, आल्या पावली परत जा, चार दिवसांत डोकं थंड होईल. बॅग उंबऱ्याच्या आत घेऊ दिली नाही. तिची आई मागे उभी होती. मुलगी सासरी गेलीच नाही. कुठे गेली ते मी विचारलं नाही. दोन वर्षं होतील."

मावशींनी मान वर केली. रागावल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं.

"मग ती गेली नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही घालवलीत."

बाहेर पोरांचा गलबला सुरू झाला. मावशी उठल्या, फडकं पिळून ओटा पुसू लागल्या.

"आठ महिने मी पोरांना खोटं सांगितलं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आता खरं काय ते तुम्ही सांगा. त्यांच्या भाषेत. मी बसेन स्टुलावर, पण हे मी नाही सांगणार."

वाक्यं तीनच होती. सरांनी ती पहिल्या तासाला हजेरीच्या मागच्या पानावर लिहून काढली आणि दुसऱ्या तासाला नववीसमोर उभं राहून म्हटली. माझी मुलगी आहे. ती मेलेली नाही. मावशींची चूक नाही, माझी आहे. उच्चार चुकले असावेत. मागच्या बाकांवरच्यांनी एकमेकांना विचारून घेतलं. मग वर्गातून एक हलका आवाज उमटला, पाण्याखालून वर आल्यावर सोडलेल्या श्वासासारखा. कुणीतरी हसलंसुद्धा. आपल्याला फसवलं असं कुणाच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्यांना नुसता आनंद झाला होता, आणि तो बघणं सरांना जड गेलं. खाली बघत त्यांनी पुस्तकाचं पान शोधायला घेतलं.

उंच मुलगी उभी राहिली.

"मग आता ती कुठे असते?"

शब्दन् शब्द सरांना कळला. तरी त्यांनी दाराकडे पाहिलं. मावशींनी क्षणभर त्यांच्या डोळ्यांत बघितलं, मग तो प्रश्न इंग्रजीत करून सांगितला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"विचारून सांगतो," सर म्हणाले.

मावशींनी ते वर्गाला सांगितलं. मुलीने मान डोलावली, जणू उद्याच्या तासाला उत्तर मिळणारच होतं, आणि खाली बसून वही उघडली.