पुस्तकातली सून

सासूबाईंना पालथं झोपायची शिक्षा झाली होती. ती डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुनावली होती. सुटलेला पडदा चिकटवलाय, आत वायूचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला टेकून राहायला हवा, म्हणून तोंड कायम खाली. जेवताना आणि थेंब घालताना तेवढी सूट. दुसरा डोळा कधीच कामातून गेला होता, तेव्हा यापुढे जे काही दिसणार ते या एकाच डोळ्याने. थेंब चुकले आणि आतला दाब वाढला तर हाही हातचा जाईल, असं डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन बजावलं. ते सासूबाईंनी ऐकलंच. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेल्या बाईंचे कान ते!

सून एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. तिने रजा काढली. नवरा कामासाठी बाहेरगावी गेला होता. जाताना त्याने आईसाठी वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणून दिली. आईला रहस्यकथा आवडतात, एवढं त्याला ठाऊक होतं. आत काय आहे ते चाळून बघायचे कष्ट घेतले तर तो नवरा कसला!

आत होती एक आंधळी म्हातारी, एक गोडबोली सून आणि औषधाच्या दोन बाटल्या.

सून सासूबाईंना कादंबरी वाचून दाखवू लागली, आणि पुस्तकातली सून दारातून आत येताच तिने पलंगाकडे पाहिलं. पलंगावर सासूबाई मधे भोक असलेल्या उशीत तोंड घालून पडलेल्या, उशाशी लाल आणि पांढऱ्या टोपणांच्या दोन बाटल्या. हिने वाचता वाचता पुस्तकातल्या सुनेची नर्स करून टाकली. 'सूनबाई' आलं की 'सिस्टर' म्हणायचं. जमलं की! दोन दिवस नर्स बिनबोभाट बाटल्यांशी खेळत राहिली, सासूबाई "हं, पुढे" म्हणत राहिल्या.

आज दुपारी मात्र ते पान आलं. सुनेने त्यावरून नजर फिरवली आणि पानाचा कोपरा दुमडला. मग तिने पान उलटलं आणि मनाने ठोकून दिलं. नर्सला म्हणे स्वतःच्या आईची आठवण आली, तिचे डोळे भरून आले, तिने म्हातारीचे पाय चेपले. सगळं छान, गुळगुळीत.

सासूबाई या खेपेला "हं" म्हणाल्या नाहीत.

थेंबांची वेळ झाली. सुनेने हात धुतले, लाल टोपणाची बाटली उचलली.

"आई, उताणं व्हा."

"राहू दे आता," उशीतून आवाज आला. "मुलगा उद्या येतोय ना, तो घालेल."

"उद्या? आई, डॉक्टर काय म्हणालेत माहीत आहे ना? डोळा जाईल!"

"माझाच जाईल ना? राहू दे म्हटलं."

सुनेला आधी राग आला. एवढं करायचं, रजा काढायची, घशाला कोरड पडेस्तोवर वाचायचं आणि वर हे! मग तिची नजर सासूबाईंच्या हाताकडे गेली. त्यांनी चादर मुठीत आवळून धरली होती. सुनेचा राग जागच्या जागी विरला. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या होत्या तिलाच.

"ती नर्स नाही ना?" सासूबाईंनी विचारलं. "कोण आहे ती?"

सुनेने बाजूच्या पुस्तकाकडे पाहिलं.

"अगं, धडा न उघडता घडाघडा वाचून दाखवणारी पोरं मी थोडी पाहिलीत? रचून सांगायला लागलीस की तू दवाखान्याच्या फोनवर बोलतेस तसं बोलतेस. कोण आहे?"

"सून आहे."

"मग लपवलंस का?"

"तुम्हाला भीती वाटेल म्हणून."

"पुस्तकाची कसली भीती? तू लपवायला लागलीस, तेव्हा मनात पाल चुकचुकली. आज काय गाळलंस ते वाच."

सुनेने बाटली खाली ठेवली. पान शोधायला लागलं नाही, कोपरा दुमडलेलाच होता. ती वाचू लागली, आणि आवाज फोनवरचा राहिला नाही.

"'म्हातारीचं तोंड भिंतीकडे होतं. सूनबाईंनी बाटली उजेडात धरली. ही नसती तर, त्यांच्या मनात आलं, ही नसती तर या घरात मला मोठ्याने हसता आलं असतं.'"

सुनेने पुस्तक मिटलं.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. "यात गाळण्यासारखं काय होतं?"

सुनेला वाटलं, आता इथेच थांबावं. काही नाही म्हणावं, हसण्यावारी न्यावं. पण बाटली पलंगाशी होती आणि वेळ निघून चालली होती.

"माझ्याही मनात आलं होतं, आई. अगदी हेच. कुणीतरी माझंच मन छापल्यासारखं वाटलं."

चादरीवरची मूठ हलली नाही. "कधी?"

"तुम्हाला दवाखान्यातून आणलं त्या दिवशी. जिना चढताना. तुम्ही एकेक पायरी चाचपत होतात, आणि माझ्या मनात आलं, आता हे असंच चालणार. ही नसती तर..." तिने पुस्तक बाजूला सारलं. "मला लाज वाटते, आई."

"आणि मग? मग काय केलंस?"

"मग काय करणार? तुमचा पाय अडखळला. मी हात धरला."

"हे पुस्तकात आहे?"

"नाही."

 मग सासूबाईंची मूठ सुटली. कोपरावर जोर देत, कण्हत त्या हळूहळू उताण्या झाल्या आणि स्वतःच्या बोटांनी त्यांनी सुजलेली पापणी वर धरली.

सुनेने बाटली उचलली. पहिला थेंब नेम चुकून गालावर पडला.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. पापणी त्यांनी सोडली नाही. "दुसरा घाल."